पाण्याच्या रेषेवरचे घर

घर कसे सजवावे या विषयावर स्वतःचे मत नसलेला मनुष्य मला अद्याप भेटलेला नाही. परंतु महाडच्या बाजारपेठेत ज्याने संसार केला, त्याचे मत इतर गावांतल्या मतांहून थोडे निराळे असते, कारण ते घडविण्यात रुचीइतकाच सावित्री नदीचाही हात असतो. महाबळेश्वरी उगम पावून पोलादपूरवरून खाली उतरणाऱ्या या नदीला महाडच्या परिसरात गांधारी आणि काळ या नद्या येऊन मिळतात, समोरून बाणकोटच्या खाडीतून समुद्राची भरती चढत येते, आणि घाटमाथ्यावर मुसळधार व खाडीत भरती असा योग एकदा जुळला म्हणजे पाण्याला गावात शिरण्यावाचून गत्यंतर उरत नाही. हा योग इथल्या प्रत्येक पिढीने पाहिलेला आहे. म्हणून इथल्या जुन्या घरात कोणती वस्तू कोठे असावी, याचा निवाडा सौंदर्यदृष्टीच्या आधी पाण्याने केलेला असतो.

माझे माहेर पोलादपूर तालुक्यातल्या डोंगरातले. कारवीच्या काठ्या विणून त्यांवर शेणमातीचा गिलावा दिलेला कुड, नळीची कौले आणि चोपून घट्ट केलेली जमीन, एवढाच त्या घराचा ऐवज. आई जमीन सारवीत असे तेव्हा तिची बोटे डावीकडून उजवीकडे फिरत आणि एकावर एक रचलेल्या अर्धवर्तुळांची नक्षी मागे ठेवीत. उंबऱ्याजवळ आले की ती अर्धवर्तुळे आपोआप लहान आणि नेटकी होत, कारण येणाऱ्याची नजर प्रथम तिथेच पडणार हे तिला ठाऊक होते. भाद्रपद सरता सरता पिकून पिवळी झालेली तवशी केळीच्या सोपटात बांधून वाशांना टांगली जात, बियाण्यासाठी राखलेली नाचणीची कणसे चुलीच्या धुरात काळवंडत, आणि इरली खुंटीवर विसावत. हे सारे उंदरांच्या आणि मुंग्यांच्या भयाने वर चढविलेले असे. परंतु दिव्याच्या उजेडात त्या पिवळ्या तवशांची रांग पाहताना ती शोभेसाठीच बांधली असावी असे मला लहानपणी खात्रीने वाटे. दसऱ्याच्या सुमारास दारावर नवे बांधले जाई: भाताची लोंबी, आंब्याचे पान, कुरडूचा तुरा आणि झेंडूचे फूल यांची ती इवलीशी जुडी पुढच्या वर्षापर्यंत चौकटीवर सुकत राही, आणि तिला कोणी कचरा मानीत नसे.

लग्न होऊन महाडास आले तेव्हा वस्तू वर टांगण्याची वहिवाट मला नवी नव्हती. केवळ तिचे कारण बदलले. सासरच्या ओटीवर रविवर्म्यांच्या छापखान्यातली लक्ष्मी होती. १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या त्या शिळाछापखान्याने देवादिकांना मध्यमवर्गाच्या भिंतींवर आणून बसविले हे सर्वश्रुत आहे. परंतु आमची लक्ष्मी जवळजवळ तुळईला टेकलेली होती, इतकी वर की तिला हार घालावयास शिडी लागे. समई फडताळाच्या सर्वांत वरच्या फळीवर, घड्याळ दाराच्या चौकटीच्याही वर, आणि झोपाळ्याच्या कड्यांना मधोमध जादा आकडे, की पाणी चढते आहे अशी वर्दी येताच पाट ओढून वर अडकवता यावा. नव्या नवरीच्या हौसेने मी मोत्यांच्या विणकामाची एक चौकट कोनाड्यात ठेवू लागले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “सूनबाई, जे हाताला लागतं ते पाण्याला लागतं. जीव लावायचा असेल तर वर टांग, नाहीतर जीव लावू नकोस.” गृहसजावटीविषयी पुढे पुष्कळ वाचले आणि ऐकले, परंतु याहून उपयुक्त सल्ला मला कोणी दिलेला नाही.

२००५ च्या जुलैतला पूर ओसरल्यानंतर बाजारपेठेतल्या अनेक घरांनी कात टाकली. लाकडी माळे जाऊन स्लॅब आले, चुन्याच्या भिंतींवर तैलरंग चढले, प्लायवूडची कपाटे आणि सनमायकाचे दिवाण आले. आमच्याही घरात जुने आणि नवे शेजारी शेजारी नांदू लागले. त्या दोहोंची परीक्षा २०२१ साली झाली. २२ जुलैच्या त्या मुसळधारेत, २३ तारखेच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत, एकट्या महाबळेश्वरी ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला, आणि त्यातले सावित्रीत उतरणारे पाणी ज्या वाटेने जाते त्या वाटेवर आम्ही राहतो. पाणी उतरले तेव्हा तळमजल्यावर गुडघाभर गाळ होता. सागवानी खाट आम्ही धुऊन सावलीत वाळविली. तिची एकही कूस सैल झाली नाही. प्लायवूडच्या कपाटाचे मात्र पापुद्रे सुटून ते असे फुगले, की त्याचे दार अखेर पहारीने उघडावे लागले. तैलरंगाच्या भिंतींवर फोड आले, कारण आत मुरलेल्या ओलीला बाहेर पडावयास त्या रंगाने वाट ठेवली नव्हती. उलट मागच्या खोलीतली चुन्याची भिंत, कोणी विशेष लक्ष न देता, दिवाळीपर्यंत हळूहळू कोरडी झाली.

पंचनाम्यासाठी माणसे आली. कपडे आणि भांडी यांची नोंद झाली, भिंतींची झाली. बरण्या, चौकटी, भरतकाम हे कोणी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. पूर आला त्याच दिवशी महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळली होती, माझ्या माहेरच्या तालुक्यातही डोंगर खचून माणसे गेली होती. ज्यांचे घरच नाहीसे झाले त्यांच्या समक्ष भिंतीच्या रंगाची चर्चा करणे मला दीर्घकाळ अप्रशस्त वाटत राहिले. तथापि घर पुन्हा उभे करावयाचे म्हणजे भिंतीला कोणता तरी रंग हा द्यावाच लागतो.

पुण्यास सजावटीचे शिक्षण घेतलेला माझा भाचा मोठ्या आपुलकीने नकाशे घेऊन आला. जमिनीलगतची बैठक, एका भिंतीला गडद रंग, खालपासून वरपर्यंत पुस्तकांची मांडणी, असा त्याचा बेत होता, आणि कागदावर तो खरोखरच देखणा दिसत होता. लक्ष्मीची तसबीर पाहून तो म्हणाला, “मावशी, चित्र डोळ्यांच्या पातळीला लावायचं असतं. मान वर करून कोण बघतं?” मी म्हटले, “देवळाचा कळस बघतोस तसा बघ.” तो हसला, आणि त्यानंतर मात्र नकाशे बाजूला सारून त्याने पाण्याची रेषा कोठवर आली होती ते टेपाने मोजून घेतले.

त्या रेषेने आमच्या खोलीचे दोन भाग केले आहेत. रेषेखाली चुना: चुनकळी रात्रभर भिजवावी, निवल्यावर गाळून घ्यावी, तीत थोडा डिंक आणि पांढरेपणा खुलण्यापुरती नीळ घालावी, आणि कुंचल्याने पहिला हात आडवा, दुसरा उभा द्यावा. जमिनीलगत कावेचा तांबडा पट्टा ओढावा, म्हणजे शिंतोडे झाकतात आणि पांढऱ्या भिंतीला काठ लाभतो. हे काम दरवर्षी करावे लागते खरे, परंतु ते घरच्या माणसांना घरच्या घरी करता येते. जमिनीला शहाबादी फरशी, विजेची बटणे छातीच्या वर, पडदे खिडकीपुरतेच, आणि बसावयास बुरुडाकडून घेतलेली वेताची आसने, जी एका माणसाला दोन्ही हातांत घेऊन जिना चढता येतो. रेषेच्या वर मात्र मी हात आखडता घेतलेला नाही. तिथे हळदीचा पिवळा रंग आहे, सासूबाईंची मोत्यांची तोरणे आहेत, माहेरचे एक जुने इरले आहे, आणि अर्थात लक्ष्मी आहे.

चवदार तळ्याच्या बाजूस राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीच्या घरी सर्वांत उंच जागा बाबासाहेबांच्या तसबिरीची आहे. २० मार्च १९२७ रोजी त्या तळ्याचे पाणी ज्यांनी ओंजळीने प्राशन केले, त्यांत तिचे आजोबा होते, आणि पुरात घरातले काय आधी उचलायचे, याविषयी त्या घरात कधी मतभेद झाला नाही. एखाद्या घराची रुची जाणावयाची असेल तर त्याने दर्शनी भागात काय मांडले आहे यापेक्षा माथ्याशी काय नेऊन ठेवले आहे ते पाहावे, असे मला तिच्या घराने शिकविले.

माझ्या शेजाऱ्यांनी पुन्हा पीओपीचे छत केले, काचेचे शोकेस केले. त्यांना मी दोष देत नाही. चार वर्षे मनासारखे राहावे आणि पाचव्या वर्षी पाणी आलेच तर पुन्हा करावे, हाही एक हिशेब आहे, आणि तरुण संसाराला तो शोभतो. माझ्या मुलाने तर गावातल्याच एका नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर सदनिका घेतली आहे, जिच्या तळमजल्यावर केवळ वाहने उभी राहतात. सूनबाईने तिथे पुस्तकांचे कपाट जमिनीपासून उभारले, चित्रे डोळ्यांच्या पातळीला लावली, आणि मी काही बोलेन या अपेक्षेने माझ्याकडे पाहिले. मी तिची चित्रे निरखून पाहिली आणि त्यांतले एक खिडकीच्या उजेडाकडे सरकवावयास सांगितले. सासूबाईंचा नियम तळमजल्याचा होता. तिसऱ्या मजल्यावर तो पाळावयास लावणे म्हणजे त्यांच्या शहाणपणाची नुसती सवय करून टाकणे झाले असते.