रस, भूक आणि रात्रीचे 9.20

नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरताने रसाची कल्पना जेवणाच्या दृष्टान्ताने समजावली आहे. नाना व्यंजनांनी संस्कारलेले अन्न सुमनस पुरुष जसे आस्वादतात, तसे सुमनस प्रेक्षक स्थायी भावांचा आस्वाद घेतात, असा तो दृष्टान्त. एम.ए.च्या वर्गात चर्चा रंगते ती ‘स्थायी’ आणि ‘आस्वाद’ या शब्दांवर. ‘सुमनस’ या साध्या विशेषणापाशी सहसा कोणी थांबत नाही. आम्हा दोघांना त्यापाशी थांबावे लागले ते फ्लोरिडात, वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये, आणि तेही जेवणाचे टेबल राखून ठेवण्याच्या निमित्ताने.

तेथील मॅजिक किंगडम हे उद्यान 1 ऑक्टोबर 1971 रोजी उघडले. बहुतेक रात्री सिंड्रेलाच्या किल्ल्यामागून आतषबाजी होते. आम्ही पाहिला तो ‘हॅपिली एव्हर आफ्टर’ हा खेळ 2017 मध्ये सुरू झाला, 2021 मध्ये थांबला आणि एप्रिल 2023 मध्ये परतला. अठरा मिनिटांच्या या खेळात आकाशात दारूकाम चालते, किल्ल्याच्या दर्शनी भिंतीवर चित्रपटांतील प्रसंग उमटतात आणि या सर्वांना एकत्र बांधणारे संगीत असते. मुखापासून निर्वहणापर्यंतचे संधीही त्यात शोधता येतील. तो मोह येथे आवरतो.

प्रश्न जेवणाचा होता. उद्यानातील आणि आसपासच्या उपाहारगृहांची टेबले साठ दिवस आधी, तिकडच्या पहाटे सहा वाजता खुली होतात. मे अखेरीच्या प्रवासासाठी आम्हाला मार्च अखेरीस, आपल्याकडच्या दुपारी साडेतीनला, परीक्षेचे पर्यवेक्षण आटोपून संगणकासमोर बसावे लागले. पण जेवणाची वेळ आज ठरवायची आणि आतषबाजीची वेळ मात्र पुढे पक्की व्हायची, ही खरी मेख आहे. ती सूर्यास्तावर आणि उद्यान बंद होण्याच्या वेळेवर अवलंबून. मे अखेरीस तेथे सूर्य सव्वाआठनंतर मावळतो, डिसेंबरात साडेपाचलाच. शिवाय उद्यानाच्या वेळा मधल्या काळात बदलू शकतात. लग्नाचा मुहूर्त निघण्याआधी पंगतींच्या वेळा छापून टाकाव्यात, तसा हा प्रकार.

आधी जेवावे, तर मेन स्ट्रीटवर जागा धरण्यासाठी निदान तासभर आधी उभे राहणे आले. नंतर जेवावे, तर साडेदहा वाजतात. तिसरा मार्ग जेवता जेवता पाहण्याचा. जवळच्या कंटेम्पररी या हॉटेलच्या पंधराव्या मजल्यावर ‘कॅलिफोर्निया ग्रिल’ आहे. मोठ्या काचांतून किल्ला दिसतो. खेळ सुरू होताना दिवे मंद करतात आणि त्याचे संगीत आत ऐकवतात. पण ही बाजू तिरकस पडते, दर्शनी भिंतीवरची चित्रे येथून दिसत नाहीत. खुद्द किल्ल्याच्या पोटातही एक भोजनगृह आहे. तेथे जेवणाऱ्याला तर किल्ल्यावरचे काहीच दिसायचे नाही! हा विरोधाभास एखाद्या आलंकारिकाला आवडला असता.

एरवी आम्ही उभेच राहिलो असतो. पण बरोबर आई होत्या. (आमच्यापैकी एकाच्या त्या आई, एकीच्या सासूबाई, येथील आदरार्थी बहुवचन सुनेच्या बाजूचे आहे.) वय शहात्तर, मधुमेह, रात्रीच्या जेवणाआधी घ्यायची गोळी, आणि ती घेतल्यावर वेळेत पोटात अन्न जायलाच हवे. त्यातून त्यांच्या शरीराचे घड्याळ साडेनऊ तास पुढे. मात्र अडचण केवळ वैद्यकीय नव्हती. सर्वांची पाने वाढून झाल्यावर शेवटी बसायचे, हा त्यांचा पन्नास वर्षांचा परिपाठ. या आजाराने त्यांना आयुष्यात प्रथमच घरच्यांच्या आधी जेवायला लावले होते, आणि ते त्यांना आजाराहून अधिक खुपत असे. दर रात्री आठ वाजता त्या एकट्या पानावर बसत ते अपराधी चेहऱ्यानेच.

आम्ही पंधराव्या मजल्यावरचे सव्वाआठचे टेबल धरले होते. पुढे खेळाची वेळ लागली 9.20. मुख्य पदार्थ आधी आणू की नंतर, असे वाढप्याने विचारले तेव्हा आम्ही आईंचा लगेच आणि आमचे तिघांचे नंतर आणायला सांगितले. त्यांचे ताट नऊच्या पुढे आले. त्या अजून जेवतच होत्या, तोच दिवे मंदावले, संगीत सुरू झाले आणि आजूबाजूची माणसे उठून काचांशी आणि बाहेरच्या सज्ज्यात गेली. आईंनी घास खाली ठेवला. “तुम्ही सगळे उभे, आणि मी एकटी जेवू?”

तेव्हा आमच्यापैकी एकाने अकरा वर्षांच्या मुलीबरोबर काचेशी जायचे आणि एकाने टेबलाशी बसायचे, असे ठरले. या लेखातील ‘आम्ही’ अठरा मिनिटांपुरते दोन जागी होते. कोण कोठे, हे सांगण्याचे कारण नाही. इतकेच की टेबलाशी बसलेल्याने पाण्याच्या पेल्यात उतरणारे हिरवे-तांबडे उजेड पाहिले, आणि मोकळ्या खुर्च्यांच्या मधोमध संथपणे जेवणारी एक म्हातारी बाई पाहिली.

रसास्वादातील सात विघ्ने अभिनवगुप्ताने मोजली आहेत. स्वतःच्याच सुखदुःखांनी विवश होणे हे त्यातले एक, आणि त्यावर त्याने सुचवलेले उपाय गाण्या-बजावण्याचे, सजवलेल्या मंडपाचे आहेत. डिस्नेच्या रचनाकारांनीही तेच केले आहे. दिवसभराची उन्हे, दुखरे पाय, रांगा हे सारे विसरायला लावण्याइतके ते संगीत समर्थ आहे. पण भुकेचे काय? आणि दुसऱ्यांच्या आधी जेवल्याची जी टोचणी, तिचे काय? आमच्या मते या टोचणीला अभिनवगुप्ताच्या यादीत जागा द्यावी लागेल. ती स्वतःच्या दुःखात पुरती बसत नाही. सुमनस होण्यासाठी आईंना उघडे आकाश पुरेसे नव्हते. शेजारी कोणीतरी बसलेले हवे होते.

“हे वर्षातून एकदा असतं का?” त्यांनी विचारले. त्यांच्या माहेरच्या जत्रेत शोभेची दारू वर्षातून एकदाच उडे.

“नाही आई, जवळजवळ रोज.”

“रोज? मग एवढी घाई कसली सगळ्यांना?”

येणाऱ्याला ती एकच रात्र असते, हे उत्तर देता आले असते. ते दिले नाही, कारण त्यांच्याही बाबतीत ते खरे होते.

दिवे लागले, माणसे आपापल्या टेबलांकडे परतली आणि आमची ताटे आली. आईंचे पान तोवर स्वच्छ झाले होते. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, आमच्या तिघांच्या ताटांत काय काय आहे ते नीट पाहून घेतले आणि नातीला म्हणाल्या, “हं, सांग आता. सुरुवातीपासून सांग.” मुलगी घास तोंडात ठेवूनच सांगू लागली. क्रम चुकत होता, रंग दोनदा येत होते. आई मध्येच तिला थांबवत आणि विचारत, “आणि मग?”