मानस

पेडण्यातील खाजन शेतांच्या बांधाला पाण्यासाठी जे दार असते, त्याला गोव्यात ‘मानस’ म्हणतात. भरतीच्या दाबाने ते मिटते, ओहोटीला उघडते. मनालाही आपण मानसच म्हणतो.

दार शाबूत असूनही बांध फुटतो, तो पुष्कळदा कुर्लीच्या बिळातून. म्हणून बीळ दिसताच चिखलाने बुजविणे हा जाणत्या शेतकऱ्याचा नित्यनेम. बांध कोणाच्या वाट्याचा, हे तो विचारीत नाही.

डिचोलीच्या खाणी २०१२ साली बेकायदा उत्खननापायी थांबल्या आणि कष्टकऱ्यांच्या चुली थंडावल्या. तो अनर्थही अशाच लहान बिळांतून शिरला असावा: न वाचता केलेली सही, जादा भरलेला ट्रक. कागद पुरता वाचूनच सही करण्याचा माझा नेम याच विचारातून आला. शौर्याचे प्रसंग आयुष्यात क्वचित येतात. रोजचे बीळ रोज बुजविणे मात्र कोणालाही जमण्याजोगे आहे.