उजनीच्या काठी : तीन दिवे आणि एक भोंगा

बारामतीस प्रथमच येणारा रसिक प्रवासी कऱ्हेकाठचे मोरोपंतांचे गाव म्हणून ती पाहतो, आणि ते योग्यच आहे. आर्येचा तो महाकवी (१७२९–१७९४) येथेच नाईकांच्या आश्रयाने राहिला. परंतु या मुलखाची दुसरी ओळख पाण्याची आहे. १८८५ साली नीरेचा डावा कालवा सुरू झाला आणि कोरड्या माळावर पुढे ऊस डोलू लागला. तेथून पूर्वेस इंदापूर तालुक्यात शिरावे, तो याहूनही विस्तीर्ण पाणी दृष्टीस पडते. ते उजनीचे.

भीमा नदीवरील हे धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याची भिंत सोलापूर जिल्ह्यात. पण सुमारे ११७ अब्ज घनफूट पाण्याचा फुगवटा पार इंदापूर व दौंड तालुक्यांत येऊन पोहोचला आहे. पळसदेवचे प्राचीन देवालय त्याच्या पोटात गेले. पाणी फारच ओसरले तर त्याचे शिखर वर येते. भिगवण-कुंभारगावच्या उथळ काठावर हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. या पाण्याने जुन्या वाटाही गिळल्या. इंदापुरातील कळाशी आणि करमाळ्यातील कुगाव ही गावे समोरासमोर असूनही रस्त्याने दूर झाली, आणि लोक यांत्रिक होड्यांनी ये-जा करू लागले.

या काठावर आमच्यासमवेत आमचे एक जुने विद्यार्थी होते. मुंबई बंदरात शिडाच्या नौकांवरील डिझेल यंत्रे दुरुस्त करण्यात त्यांचे आयुष्य गेले. शिडाच्या नौकेस यंत्र कशास, असा प्रश्न आम्ही केला. ते म्हणाले, “गुरुजी, वारा पडला, किंवा अरुंद बंदरात शिरावयाचे झाले, म्हणजे शीड काय करील? शिवाय विजेची बॅटरी भरावयासही यंत्र लागतेच.” काठावरील एका होडीत नुकतेच नवे यंत्र बसविले होते. मालकाच्या अनुमतीने त्यांनी आम्हांस त्याचे पॅनेल दाखविले. त्यावर तीन तांबडे दिवे व एक भोंगा होता : एक दिवा ऑइलच्या दाबाचा, दुसरा उष्णतेचा, तिसरा विजेच्या भरणीचा.

ऑइलचा दिवा लागून भोंगा वाजला, तर विचार करीत बसू नये. काठ किंवा खडक अगदी जवळ नसेल, तर यंत्र तत्काळ बंद करावे. ऑइलचा दाब गेला की धातूवर धातू घासतो आणि थोडक्या वेळात यंत्राचा नाश होतो. मग डिपस्टिक काढून ऑइलची पातळी पाहावी. कमी असेल तर कोठे गळते ते शोधून भर घालावी. पातळी ठीक असेल, तर दोष दाबमापक सेन्सरचा किंवा त्याच्या वायरचा असू शकतो. पण त्याची खात्री पटेपर्यंत यंत्र पुन्हा सुरू करू नये.

उष्णतेचा दिवा लागला, तर यंत्राचा वेग उतरवून प्रथम धुराड्याकडे पाहावे. बाहेरचे पाणी ओढून थंड होणाऱ्या यंत्रात ते पाणी धुरासह बाहेर पडत असते. ते आटले असेल तर यंत्र बंद करून पाणी आत घेण्याची तोटी उघडी आहे काय, जाळीत कचरा अडकला आहे काय, पंपातील इम्पेलरची रबरी पाती तुटली आहेत काय, हे क्रमाने पाहावे. समुद्रात जाळीत शेवाळ व प्लॅस्टिक अडकते; गोड्या पाण्यात जलपर्णीची मुळे तेच काम करतात. यंत्र तापलेले असता पाण्याचे झाकण उघडू नये. उकळती वाफ तोंडावर येते.

भरणीचा दिवा लोकांस निरुपद्रवी वाटतो. पण त्याचे कारण पुष्कळदा तुटलेला किंवा सैल झालेला पट्टा असते, आणि अनेक यंत्रांत तोच पट्टा थंड पाण्याचा पंपही फिरवितो. अशा वेळी पहिल्या दिव्यामागून दुसरा दिवा लागावयास उशीर लागत नाही.

हे ऐकताना आम्हांस न्यायशास्त्रातील पर्वतावरचा धूर आठवला. धुरावरून अग्नीचे अनुमान करावे हे खरे. पण वाफेलाच धूर समजला तर तो हेत्वाभास होतो. भोंग्याचेही तसेच आहे. दमट हवेने गंजलेली वायरही खोटी हाक मारते. म्हणून भोंगा हे केवळ अनुमानाचे साधन; डिपस्टिक, जाळी आणि पट्टा हे प्रत्यक्ष. प्रत्यक्ष न पाहता भोंग्याचे तोंड बांधणारा नावाडी आणि रडणाऱ्या मुलास दटावून गप्प करणारा बाप, दोघेही सारखेच.

विद्यार्थ्याची शेवटची सूचना आम्हांस सर्वांत मोलाची वाटली. किल्ली फिरविली व यंत्र अद्याप चालू झाले नाही, त्या क्षणी ऑइलचा व भरणीचा दिवा लागलाच पाहिजे आणि भोंगाही वाजला पाहिजे. यंत्र सुरू होताच ते थांबावेत. प्रारंभीच सारे शांत असेल, तर ती शांतता आरोग्याची नव्हे, मुकेपणाची समजावी.

तथापि कित्येक संकटांस भोंगा नसतोच. २१ मे २०२४ रोजी सायंकाळी कुगावहून कळाशीकडे येणारी होडी सोसाट्याच्या वाऱ्यात उलटली. एक पोलीस अधिकारी पोहून काठास लागले. सहा जण बुडाले, आणि त्यांत लहान मुलेही होती. वाऱ्याचा तांबडा दिवा कोणत्याही पॅनेलवर नाही. तो आभाळात, पश्चिमेकडून चढत येणाऱ्या ढगात आणि पाण्याच्या बदलत्या रंगात पाहावा लागतो.

म्हणून मुलाबाळांसह पक्षी पाहावयास या काठावर येणाऱ्या कुटुंबांनी होडीत पाय टाकण्यापूर्वी प्रत्येकास, तान्ह्या मुलाससुद्धा, अंगावर चढविता येईल असे तरंगते जाकीट आहे काय, हे नावाड्यास विचारावे. आभाळ भरून आले असेल, तर पक्षी काठावरूनच पाहावेत. दुर्बिणीतूनही ते तितकेच सुंदर दिसतात.