शहाद्याचें घर आणि पुण्याचें बिऱ्हाड

शहाद्याहून महानगरास जाणें आजहि थोडें आडवाटेचेंच आहे. गोमाईकांठच्या या गांवास रेल्वे नाहीं. सुरत-भुसावळ मार्गावरचें नंदुरबार किंवा दोंडाईचें गांठून सुरतेवरून मुंबईस जावें, अथवा रात्रभर मोटारींत बसून सकाळीं पुण्यास उतरावें. मुलें शिक्षणासाठीं, पुढें नोकरीसाठीं याच वाटेनें जातात आणि थोड्याच दिवसांत घरीं निरोप येतो, "जागा मिळाली आहे, कोणीतरी येऊन पाहून जा."

घर आणि बिऱ्हाड यांतला भेद आपल्या भाषेनें नेमका केला आहे. शहाद्याच्या जुन्या घरास ओटा असतो, ओट्यावर चार माणसें असतात, आणि त्यांतल्या एकानें "हे आमचेच" म्हटलें कीं माडीवरची खोली भाड्यानें मिळून जाते. तेथें कागद मागणें म्हणजे अविश्वास. हीच भीड बरोबर घेऊन आपली मंडळी कोथरुडांतल्या चौथ्या मजल्यावर चढतात.

शहरास मात्र ही भीड परवडलेली नाहीं. मुंबईंत १९१८ सालींच भाड्यांवर निर्बंध घालणारा कायदा करावा लागला. १९२० नंतर वरळी, नायगांव, शिवडी, डिलाईल रोड येथें बी. डी. डी. चाळी उभ्या राहिल्या. त्यांतली खोली सुमारें १६० चौरस फुटांची. पुढें १९४७ च्या कायद्यानें जुनीं भाडीं सप्टेंबर १९४० च्या पातळीस बांधलीं. भाडेकरू निर्धास्त झाला, अनेक मालकांनीं दुरुस्ती सोडली, आणि पागडी बोकाळली. इमारतींचा नाश दोघांनीं मिळून केला, असें माझें मत आहे.

आजचें बिऱ्हाड बहुधा अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सचें असतें. "अकराच महिने, मग नोंदणी कशाला?" असें दलाल हंसून म्हणतो. महाराष्ट्रांत तें खरें नाहीं. १९९९ च्या भाडे नियंत्रण अधिनियमाच्या ५५ व्या कलमान्वयें करार लेखी व नोंदलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पांच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय नोंद नसेल तर अटींविषयीं, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचें म्हणणें ग्राह्य धरतात. भाडेकरूनेंहि शेफारून जाऊं नये : मुदत संपल्यावर जागा अडवली तर दुप्पट दरानें भरपाई द्यावी लागते.

आमच्या पुतण्याची अनामत कपाशीच्या पैशांतून भरली होती. तीन महिन्यांचें भाडें म्हणजे एका शेतकरी कुटुंबास थोडी रक्कम नव्हे. जागा सोडतांना मालकानें "भिंतींचा रंग" म्हणून ती सगळीच ठेवून घेतली. मुलगा गप्प बसणार होता. थोरल्या वहिनींनीं मात्र कराराची प्रत काढविली. "नेहमींच्या वापरानें होणारी झीज सोडून" हे शब्द त्यांत होते. वहिनींनीं सही करण्यापूर्वीं ते स्वतः घालून घेतले होते, आणि रिकाम्या खोल्यांचीं छायाचित्रेंहि काढविलीं होतीं. आठवड्यांत पैसे परत आले. करार वाचण्याचें काम आमच्या घरीं तेव्हांपासून त्यांच्याकडेच आहे.

जागा पाहावयास सकाळीं सातच्या सुमारास जावें, असें त्या सांगतात. त्या वेळीं नळास पाणी आहे कीं नाहीं तें दिसतें, आणि जिन्यांत शेजारचीं माणसें भेटतात. पाण्याविषयीं त्यांनाच विचारावें. मालकास विचारण्यांत अर्थ नाहीं.