किती टन, किती किलो

माझं जन्माचं वजन कुणालाच ठाऊक नाही. मी जन्मले ती सांगली जिल्ह्यातल्या एका फडाच्या कडेला, कोपीत. मायला विचारलं तर म्हणाली, "तव्हा काटा कुणी आणला व्हता? उसाचं इचार, किती टन तोडला ते सांगते." आणि सांगितलंही.

दोस्तांनो, दिवाळी सरली की धारूर, वडवणी, पाटोद्याच्या वस्त्या रिकाम्या होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल नवऱ्याच्या हातात पडते, फेडायची दोघांनी. बाई बसली की खाडा, खाड्याचा दंड. म्हणून दिवस गेलेली बाईही डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढते. मोळी तीस-चाळीस किलोची. अन् बाई?

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बाया तपासल्या. दिवस जाण्याआधी त्यांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास. आणि गरोदरपणी शेतात, पाण्याला जी बाई जास्त राबली, तिचं मूल जास्त बारीक निघालं. त्या बाया निदान स्वतःच्या घरात झोपत होत्या. आमच्या बाया पहाटे चारला उठून भाकरी थापतात, अंधारात फड गाठतात. आडोसा नाही म्हणून पाणीसुद्धा बेतानं पितात.

गरोदरपणात दहा-बारा किलो वजन वाढावं, मूल अडीच किलोच्या खाली नको, हे दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. पण मूळ वजनाचं काय? कोयत्याला जोडी लागते म्हणून पंधरा-सोळाव्या वर्षी पोरगी उजवतात. तिचंच अंग अजून भरायचं असतं, त्यात दुसरा जीव. वर तिलाच दटावतात, "नीट खात का नाहीस?" जसं काही ताट पुढं होतं आणि तिनंच सारलं!

२०१९ साली नीलम गोऱ्हे समितीनं बीडच्या ८२ हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी केली. १३ हजारांवर बायांची पिशवी काढलेली निघाली. पेपरात बोंब झाली, व्हायलाच हवी होती. पण पिशवी काढायच्या आधी त्याच पिशवीतून जी लेकरं आली, ती किती किलोची होती, हे कुणी विचारलं नाही.

१९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बाबासाहेबांनी सांगितलं होतं, की बाळंतपणाआधी आणि नंतर बाईला विसावा मिळणं देशाच्या हिताचं आहे. १९२९ ला कायदा झाला, पण गिरण्या-कारखान्यांतल्या बायांसाठी. पुढं कायदे वाढले. तरी गेटाच्या आत साखर पोत्यात भरणारा कामगार, आणि तिचा ऊस तोडणारी मुकादमाची माणूस. मुकादम बाळंतपणाची रजा देईल काय?

गेल्या दिवाळीत वहिनीला पाचवा महिना होता. अंगणवाडीत वजन भरलं ४१. ताईनं कार्डावर लिहिलं, गोळ्या दिल्या, पुढल्या महिन्यात ये म्हणाली. पुढल्या महिन्यात वहिनी फडात. "वन्सं, कार्ड हाय की पेटीत, जपून ठिवलंय," ती फोनवर म्हणाली. परतली तेव्हा पाहिलं, ४१ च्या पुढचे रकाने कोरे. भावानं मात्र वजनकाट्याच्या सगळ्या पावत्या दोऱ्यात ओवून ठेवल्या होत्या. एकही गहाळ नाही.

या दिवाळीला ट्रक भरायच्या आत वस्तीवस्तीत जाऊन बायांचं वजन लिहून घ्यायचं, मग त्या जातील त्या कारखान्याच्या दारात तो कागद ठेवायचा, असं आम्ही ठरवलंय. काटा मिळालाय. पाच-सहा जण कमी पडताहेत.