चुंबक आडवं झालं अन् पाऊस शून्य झाला



ही नोंद माझ्याच चुकीची आहे. बागेत पाऊस मोजायचं यंत्र बसवलं आहे. त्यात एक झुलती वाटी असते. 0.2 मिमी पाऊस झाला की वाटी एकदा पलटते, मोजणी एकनं वाढते आणि आकडा मोबाईलवर येतो.

पावसाळ्यात वाटी साफ करताना तिच्यावरचं छोटं चुंबक निघालं. मी फेविक्विकनं चिकटवून दिलं. दोन दिवसांनी मी बाहेरगावी होतो. मोबाईलवर पाऊस शून्य, म्हणून पोराला फोन करून दोन तास ठिबक सुरू करायला लावलं. संध्याकाळी येऊन पाहतो तं काय, आळ्यात चिखल! रात्री चांगला पाऊस पडून गेला होता. आपली काळी जमीन, वाफसा यायला वेळ लागतो. आंबिया बहाराची फळं झाडावर, वरून फळगळ अन् डिंक्याची भीती. यंत्र उघडलं, वाटी बोटानं पलटवली. वाटी पलटे, पण आकडा हलेना.

वाटीजवळ काचेची बारीक नळी असते, तिला रीड स्विच म्हणतात. आत लोखंडी जातीची दोन पातळ पाती, टोकांमध्ये केसाएवढी फट. चुंबकाचा जोर पात्यांच्या लांबीच्या दिशेनं गेला, की समोरासमोरच्या टोकांपैकी एक उत्तर ध्रुव होते, दुसरं दक्षिण. विरुद्ध ध्रुव ओढतात, पाती चिकटतात, मोजणी होते. मी चुंबक काटकोनात आडवं चिकटवलं होतं. नळीच्या बरोबर मध्यावर असं आडवं चुंबक आलं, की दोन्ही टोकं सारखीच राहतात, ओढ लागत नाही. जवळ असूनही काम नाही.

मग मल्टिमीटरची बीप लावून पाहिलं. चुंबक नळीला समांतर धरलं, बीप. उत्तर-दक्षिण टोकांची अदलाबदल केली, तरी बीप. काटकोनात मध्यावर धरलं, गप्प. म्हणजे रीड स्विचला उभं-आडवं कळते, पण ध्रुव कोणता हे कळत नाही.

ध्रुव ओळखणारा सेन्सर वेगळा, त्याला हॉल सेन्सर म्हणतात. ठिबकच्या पाइपात पाणी मोजणारी छोटी चक्री असते, तिच्यात तो बसवतात. 1879 साली एडविन हॉल यांनी दाखवलं, की पातळ पट्टीतून वीज वाहत असताना पट्टीला काटकोनात चुंबकाचा जोर लावला, की वीजकण एका कडेला ढकलले जातात. पाटातलं पाणी एका बांधाला रेटावं तसं. दोन कडांमध्ये बारीकसा व्होल्टेज तयार होतो. चुंबक उलटं केलं, की व्होल्टेजही उलटा. त्यावरून दिशा कळते. काही हॉल स्विच फक्त दक्षिण ध्रुवालाच चालू होतात. काही दक्षिणेनं चालू होतात अन् उत्तर आल्यावरच बंद होतात. याला वीज लागते, रीड स्विचला स्वतःसाठी लागत नाही. म्हणून बॅटरीवरच्या पाऊसमापकात रीड बरा पडते.

ध्रुव ओळखायचा असेल तर लांबट चुंबक दोऱ्याला मधोमध बांधून लोखंडापासून दूर लटकवा. स्थिर झाल्यावर उत्तरेकडे राहणारं टोक उत्तर ध्रुव.

आता मी तीन गोष्टी पाळतो. चुंबक काढायच्या आधी त्याच्यावर अन् वाटीवर रंगाची खूण करतो. बसवल्यावर पाणी ओतून तपासतो. यंत्राचं तोंड 20 सेंमी व्यासाचं असेल, तर 314 मिली पाणी हळूहळू ओतलं म्हणजे 10 मिमी पाऊस, 0.2 मिमीच्या वाटीचे 50 पलटे. अन् तिसरी सगळ्यात जुनी: ठिबक सुरू करायच्या आधी कोणीतरी आळ्यातली मूठभर माती दाबून पाहायची.

मातीला चुंबक लागत नाही. तुमच्याकडे असं काही झालं असेल तर लिहा.