प्रश्न कागदावर यावा

आम्ही लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरला राहतो. इथे नगरपालिका नाही, ग्रामपंचायत आहे; म्हणून आपला सवाल विचारण्याची जागा म्हणजे ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा पुष्कळांना ठाऊक असतात. पण नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, असं महाराष्ट्राचा कायदा सांगतो, हे किती घरांत माहीत आहे?

नळाला पाणी किती दिवसांनी येतं, गटार कधी उपसली, हे आपल्या बहिणींना तोंडपाठ असतं. ओट्यावर त्या धडाधड बोलतातही. मात्र ओट्यावरच्या बोलण्याची नोंद होत नाही. सभेतला प्रश्न इतिवृत्तात येतो आणि पुढच्या सभेत त्याचा जाब मागता येतो.

अडचण भाषेची. कित्येक मुलांच्या अम्मी उर्दू शिकलेल्या, पंचायतीचा कारभार मराठीत. म्हणून आम्ही वर्गात मुलांकडून मराठी अर्ज लिहून घेतो: तारीख, मोहल्ला, एकच मुद्दा, खाली सही, आणि पोच घ्यायला विसरायचं नाही. तेवढ्यानं भागलं नाही, तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस; दारिद्र्यरेषेखालच्यांना फी माफ. लिहिता येत नसेल, तर तोंडी सांगितलेलं कागदावर उतरवायला माहिती अधिकाऱ्यानंच मदत करायची असते.

अर्ज दिला की दुसऱ्या दिवशी गटार साफ होते, असं नाही. पण अम्मीचा प्रश्न मुलाच्या अक्षरात सरकारी दप्तरात जातो, तेव्हा विचारणं हे आपलंही काम आहे, हे दोघांनाही उमगतं.